जपानीचा अभ्यास कानांनीही व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जपानने २०१९ मध्ये विशिष्ट कौशल्ये असलेल्या परदेशी कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला, जानेवारी २०२१ मध्ये त्याबाबत भारताशी सहकार्याचा करार केला, आणि जपानच्या साहाय्याने उभ्या राहणाऱ्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या बारा स्थानकांत ठाण्याचेही नाव आले. तेव्हापासून आमच्या शहरात जपानी भाषेच्या वर्गांच्या जाहिराती वाढलेल्या दिसतात, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र या वर्गांना जाणारी जी मुले माझ्याकडे शंका घेऊन येतात, त्यांच्या वह्या पाहिल्यावर एक उणीव सतत जाणवते. हिरागाना व काताकाना या उच्चारानुसारी लिप्या, कांजी ही चिनी मूळाची शब्दचिन्हे, व्याकरणाचे तक्ते असे सारे त्यांत नीटनेटके असते. ऐकण्याचा सराव मात्र परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यावर ढकललेला असतो. या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की हीच चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमतही मोजली आहे.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणी विभागात नोकरीला होतो. जपानी ग्राहकांशी संबंध येऊ लागल्यावर मी चाळिशी उलटल्यावर ती भाषा शिकायला घेतली. एकदा तिकडच्या अभियंत्याने नमुने पाठवण्याची तारीख फोनवर सांगितली. तो ‘योक्का’ म्हणजे चार तारीख म्हणाला. मला नुसते ‘योका’ ऐकू आले आणि मी ते ‘योओका’, म्हणजे आठ तारीख, असे समजून टिपून घेतले. पुढे काय झाले असेल ते सांगण्याची गरज नाही. त्याच वर्षी मी जपानी भाषा प्राविण्य परीक्षेच्या एन-४ पातळीला, म्हणजे एन-५ या सर्वांत सोप्या पातळीच्या वरच्या पायरीला, बसलो. उत्तीर्ण होण्यासाठी १८० पैकी ९० गुण लागतात आणि मला १०१ मिळाले होते. तरीही निकालपत्रावर अनुत्तीर्ण असा शेरा होता, कारण श्रवणाच्या ६० गुणांपैकी किमान १९ मिळवावेच लागतात आणि माझे १७ होते. शब्द, व्याकरण आणि वाचन यांत मिळवलेले गुण तेथे कामी येत नाहीत. शिवाय ध्वनिफीत एकदाच ऐकवली जाते, आणि एका प्रकारच्या प्रश्नांत तर कागदावर काहीच छापलेले नसते. वाक्यही ऐकायचे आणि त्याचे तीन पर्यायही ऐकायचे.

‘योक्का’ आणि ‘योओका’ या जोडीवर मी नंतर बराच विचार केला. जपानी भाषा मात्रांवर चालते आणि प्रत्येक मात्रेला साधारण सारखाच वेळ मिळतो. या दोन्ही शब्दांच्या मात्रा तीन. फरक एवढाच, की एकात मधली मात्रा मौनाची आहे आणि दुसऱ्यात स्वराची. शाळेत वृत्तांच्या मात्रा मोजलेल्या मराठी माणसाला हे समजायला कठीण नाही, पण ऐकू यायला कठीण आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील फरक आपण कागदावर काटेकोर पाळतो. बोलताना मात्र तो बहुतेकांच्या तोंडी उरत नाही आणि म्हणून कानालाही त्याची सवय राहत नाही. त्यात आपल्या शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, त्यामुळे मूळ जपानीत ऱ्हस्व असलेली ‘सुशि’ आपल्याकडे ‘सुशी’ होऊनच येते. जे विद्यार्थी जपानी शब्द देवनागरीत लिहून पाठ करतात, त्यांच्या वहीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी या दोघी एकाच रूपात नांदताना मी पाहिल्या आहेत. हा गोंधळ डोळ्यांनी सुटत नाही. तो रोज ऐकूनच सुटतो.

आपल्या बाजूनेही काही गोष्टी आहेत, हे सांगितले पाहिजे. वाक्याच्या शेवटी येणाऱ्या क्रियापदाची आणि नकाराची वाट पाहत ऐकणे आपल्याला नवे नाही, कारण मराठी वाक्यही असेच चालते. ‘त्सुनामी’तील ‘त्सु’ हिंदीभाषकाला अडतो. आपल्याला तो ‘चुना’ किंवा ‘चूल’ म्हणताना सवयीचाच झालेला असतो. समोरचा बोलत असताना जपानी माणूस मध्ये मध्ये जो ‘हाइ, हाइ’ म्हणत राहतो, तो बहुधा आपला ‘हं, हं’ असतो. त्याला होकार समजून व्यवहार ठरला असे मानणारे लोकही मी पाहिले आहेत.

अनुत्तीर्ण झाल्यावर मी ठाणे ते तुर्भे हा वीसएक मिनिटांचा लोकलचा प्रवास ऐकण्यासाठी राखून ठेवला. सुरुवातीला मी कानांत इयरफोन घालून जपानी वाहिन्यांवरील काहीही लावून ठेवत असे आणि ‘कानावर पडत राहील’ असे समाधान मानत असे. तीन महिन्यांत त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. ज्यातले दहापैकी दोन शब्दही कळत नाहीत, ते कितीही वेळ ऐकले तरी पावसाच्या आवाजासारखेच राहते. मग मी रोज दोनच मिनिटांचा तुकडा घेऊ लागलो. पहिल्यांदा मजकूर न पाहता ऐकायचे आणि फक्त नावे, आकडे व शेवटचे क्रियापद पकडायचे; दुसऱ्यांदा उरलेले जेवढे जमेल तेवढे; नंतर छापील मजकूर समोर ठेवून आपला कान नेमका कुठे फसला तेथे खूण करायची. त्यानंतर निवेदकाच्या मागोमाग, त्याच्याच लयीत, ओठांतल्या ओठांत म्हणत जायचे. हल्ली या पद्धतीला शॅडोइंग म्हणतात. गुरूमागून म्हणत संथा घेणाऱ्या आपल्या पाठशाळांना ती फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी नवा तुकडा घेण्याआधी कालचा एकदा ऐकायचाच. पुढच्या प्रयत्नात माझे श्रवणाचे गुण १७ वरून ३४ झाले.

यासाठी पैसे खर्च करावे लागत नाहीत. एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या ‘एनएचके वर्ल्ड जपान’ या परदेशी सेवेचे ध्वनीसह असलेले धडे हिंदीतही उपलब्ध आहेत. सोप्या जपानीतील एनएचकेच्या बातम्या वाचता वाचता ऐकता येतात. आणि जपान फाउंडेशन या जपानी सांस्कृतिक संस्थेच्या ‘इरोदोरि’ या पाठ्यक्रमाच्या ध्वनिफिती विनामूल्य उतरवून घेता येतात. कामासाठी जाऊ इच्छिणाऱ्यांना मी ‘इरोदोरि’ आधी सुचवतो, कारण त्यातील संभाषणे दुकान, दवाखाना आणि कामाची जागा येथे प्रत्यक्ष घडणारी आहेत.

मालिका आणि ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनपट, पाहून जपानी येते, असे तरुण मुले मला ठामपणे सांगतात. येते, पण अटींवर. इंग्रजी उपशीर्षके लावून पाहिलेल्या शंभर भागांत डोळे वाचत असतात आणि कान झोपलेले असतात. जपानी उपशीर्षके लावली तर फायदा होतो; मात्र कार्यक्रम मूळचा जपानी असावा, कारण परभाषेतून जपानीत ध्वनिमुद्रित केलेल्या चित्रपटांत बोललेले शब्द आणि उपशीर्षके अनेकदा जुळत नाहीत. मालिकांतून पुस्तकात न सापडणारी बोली कानावर येते, हा त्यांचा मोठाच लाभ आहे. पुस्तकातील ‘ताबेते शिमात्ता’, म्हणजे खाऊन टाकले, घरगुती बोलण्यात ‘ताबेचात्ता’ होते, आणि ‘देसु’ म्हणजे ‘आहे’ यातील शेवटचा उकार सहसा ऐकूच येत नाही. परंतु ॲनिमेतील नायक समोरच्याला ज्या थाटात ‘ओमाए’ किंवा ‘किसामा’, म्हणजे उद्धटपणे ‘तू’, म्हणतो, त्या थाटात वरिष्ठांना संबोधणाऱ्याची नोकरी फार दिवस टिकणार नाही. म्हणून ॲनिमेच्या बरोबरीने, साधी माणसे साध्या गोष्टी बोलत असतील असे स्वयंपाकाचे, प्रवासाचे किंवा बाजारहाटाचे व्हिडिओ पाहावेत, असे मी सांगतो. आवाजाचा वेग पाऊणपट करून एखादे वाक्य तपासायला हरकत नाही. पण त्याची सवय लागली की खऱ्या वेगाची भीती कायम राहते.

ऑडिओबुकांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. मराठी ऑडिओबुके ऐकणारे वाचक आता पुष्कळ आहेत, त्यामुळे जपानीतही तसेच थेट कादंबरीने सुरुवात करावी असा मोह होतो. लिखित जपानीची वाक्ये लांब असतात आणि एकाच उच्चाराचे अनेक शब्द तेथे कांजीच्या आधाराने ओळखायचे असतात. ऐकणाऱ्याला तो आधार नसतो. मोमोतारोसारख्या लहान मुलांच्या लोककथांपासून सुरुवात करावी आणि मोठ्या पुस्तकांकडे वळताना मजकूर हाताशी असावा. स्वामित्वहक्क संपलेले जपानी साहित्य १९९७ पासून ‘आओझोरा बुन्को’ या संकेतस्थळावर मोफत वाचता येते, आणि त्यातील बऱ्याच कथांची वाचनेही इंटरनेटवर मिळतात.

गाणे शिकणाऱ्याचा गळा तयार होण्याआधी कान तयार व्हावा लागतो, हे ज्या शहरात संगीताच्या इतक्या शिकवण्या चालतात तेथे समजावून सांगायला नको. म्हणून ठाणे-नवी मुंबईतील जपानीच्या वर्गांना माझी विनंती आहे, की पहिल्या आठवड्यापासून रोज पंधरा मिनिटांचे श्रवण हा गृहपाठ म्हणून द्यावा, त्याची नोंदवही तपासावी, आणि तीन महिन्यांत एन-५ अशी जाहिरात करताना त्यात श्रवणाचे तास किती, तेही छापावे. महापालिकांच्या अभ्यासिकांत शांततेचा नियम आहे आणि तो असायलाच हवा. पण ज्या मुलांच्या घरी एकाच खोलीत दूरदर्शन संच आणि चार माणसे असतात, त्यांच्यासाठी अभ्यासिकेला लागून एखादी छोटी खोली मोठ्याने म्हणण्याच्या सरावासाठी संध्याकाळी दोन तास उघडी ठेवता येईल का, याचा प्रशासनाने विचार करावा. अशी खोली मिळाल्यास आठवड्यातून दोन दिवस तेथे बसून मुलांना ऐकण्याच्या सरावात विनामूल्य मदत करण्याची माझी तयारी आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)