फलकावरचा शब्द

बेळगाव, कॅम्प

चि. बाळ हिस, जय ख्रिस्त. अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी देवळाच्या दाराशी फलक पुसत होतो. शनिवारचं माझं हे काम तुला लहानपणापासून ठाऊक आहे. ओलं फडकं, खडूचा तुकडा, वर कानडी, खाली मराठी. मे महिन्यात तू सुट्टीला आलीस आणि पाळकसाहेबांनी तुला रविवारी बोलायला सांगितलं, तेव्हा तुझ्या नावाआधी 'साक्ष', म्हणजे नुसतं स्वतःच्या अनुभवाचं बोलणं, असं मीच लिहिलं होतं. पुढच्याच रविवारी सेमिनरीच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजच्या, दुसऱ्या वर्षातला एक पोरगा आला, त्याच्या नावाआधी 'संदेश', म्हणजे प्रवचन, असं लिहिलं, तेही मीच. तू सेमिनरीत ग्रीक शिकवतेस आणि तो अजून अल्फा-बीटा घोकतोय.

कमिटीत काय झालं ते तुला मी सांगितलं नव्हतं. एक वडीलधारे म्हणाले, १८२० साली लंडन मिशनवाले बेळगावात आले तेव्हापासून आपल्या पुलपिटवर, प्रवचनाच्या त्या उंच चौथऱ्यावर, बाई चढली नाही. मग बाईनं शिकवू नये असं सांगणारं तीमथ्याच्या पहिल्या पत्रातलं ते वचन निघालं, दुसऱ्या अध्यायातलं बारावं. कोणीतरी तोड काढली : "बोलू दे की तिला, पण खालच्या स्टँडवरनं. आणि साक्ष म्हणून." फलकावर कानडी मोठी की मराठी यावरून आपल्या मंडळीत वर्षानुवर्षं रुसवेफुगवे चालतात, पण हा ठराव दोन मिनिटांत झाला. मी तिथेच बसलो होतो. चहा घेतला आणि घरी आलो.

बसस्टँडवर तू एवढंच म्हणालीस, "पप्पा, प्रभू उठला हे शिष्यांना सांगणाऱ्या मग्दालीया मरीयेनंही साक्षच दिली होती की." हसून म्हणालीस. बस सुटली आणि मला घरी जावंसं वाटेना.

तुझ्या आजीचं तुला किती आठवतं कोण जाणे. ती बायबल बाई होती. खानापूरच्या अंगाला गावोगाव पायी जायची, पावसाळ्यात डोक्यावर इरलं, काखेत पिशवी. पिशवीत पाटी, लूकाचं शुभवर्तमान आणि मुलांच्या खरजेवर लावायला गंधकाचं मलम. चुलीपुढे बसून बायकांना आधी अ, आ शिकवायची, मग वचन. ज्या घरात पुरुषांना ओसरीच्या पुढे पाऊल टाकता येत नव्हतं, तिथे ती थेट माजघरात. त्याच गावांत एक गृहस्थ जायचे, ते पारावर बसून बोलायचे. पगाराच्या वहीत त्यांच्या नावापुढे 'उपदेशक' आणि आजीच्या नावापुढे 'बाई'. ती वही मी लहानपणी पाहिलेली आहे. तेव्हा त्यात मला काही खटकलं नाही. खोटं कशाला बोलू, मेपर्यंत खटकलं नव्हतं.

त्यानंतर पंडिता रमाबाईंबद्दल थोडं वाचलं. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, तिचा १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमला तिनं तरुण मुलग्यांना शिकवावं अशी गोष्ट निघाली, तर हिंदुस्थानातले बिशप आडवे आले. पंडितांच्या सभेत बोललेली बाई, पण ख्रिस्ती झाल्यावर पोरांना शिकवायला अपात्र! तिनंही गप्प बसून ऐकून घेतलं नाही. नंतर हिब्रू-ग्रीक शिकून केडगावला अख्खं बायबल मराठीत केलं, तेही मुक्ती मिशनच्या स्वतःच्या छापखान्यात. १९२२ साली ती वारली आणि बायबल १९२४ साली बाहेर आलं. तुझ्या ग्रीकच्या वर्गात मुलगे किती आणि मुली किती, हे मी कधी विचारलंच नाही बघ.

फीबीचं तू मागे सांगितलं होतंस, ते आता वही घेऊन नीट उतरवून काढलं. रोमकरांस पत्र, सोळावा अध्याय. आपल्या बायबलात ती किंख्रियाच्या मंडळीची 'सेविका'. तू म्हणालीस, मुळात ग्रीक शब्द डायकोनॉस आहे आणि ते पत्र लिहिणारा पौल स्वतःलाही तोच लावतो. मला सेविका म्हटलं की सतरंज्या झटकणारी, प्रभुभोजनाचे पेले धुणारी बाईच डोळ्यांपुढे यायची. तुझ्या आईनं तीस वर्षं ते पेले धुतले. ती म्हणते, मला पुलपिट नको, पण माझ्या पोरीला खालनं बोलायला का लावलं?

गेल्या बुधवारी कमिटीत मी विषय काढला. म्हटलं, मेथॉडिस्टांनी १९५६ साली बायकांना पाळकपदाच्या दीक्षेचे पूर्ण हक्क दिले, सीएसआयमध्ये (चर्च ऑफ साउथ इंडियात) १९७६ पासून बायकांना दीक्षा मिळते, २०१३ साली त्यांच्यात बाई बिशपही झाली, आणि आपण अजून स्टँडची उंची मोजतोय. तो वडीलधारा चहा न घेता उठून गेला. दोघे माझ्या बाजूनं बोलले, त्यातला एक तर मला वाटलंच नव्हतं. निर्णय पुढच्या बैठकीवर टाकलाय. त्यामुळे पुलपिटचं मी आज तुला काही सांगू शकत नाही.

फलकाचं मात्र कमिटीला विचारावं लागत नाही. पाळकसाहेबांनी नाताळच्या आदल्या रविवारी तुलाच बोलवायचं म्हटलंय. 'संदेश' दोन्ही भाषांत लिहीन. तुला दीक्षा नाही, म्हणून 'रेव्ह.' लिहिता येत नाही. 'प्रा.' चालेल का? शुक्रवारपर्यंत कळव, म्हणजे अक्षरं पाळकांच्या नावाएवढीच बसतील असं आखून घेतो.

तुझे पप्पा