मंत्रिमहोदय, शिकवणारे व्हिडिओ पुरे झाले

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : अकरावी-बारावीच्या राज्यशास्त्राच्या तासाला दाखवण्याजोग्या चित्रफितींबाबत

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. शाखा कला. म्हणजे सायन्सला नंबर लागला नाही आणि कॉमर्स झेपणार नाही असं घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलेली पोरं. यांतल्या निम्म्याहून अधिक घरांत द्राक्षबाग आहे, नाहीतर दुसऱ्याच्या बागेत मजुरीला जाणारं कुणीतरी आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे.

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. बारावीला १९९१ नंतरचं जग शिकवत होतो आणि मागच्या बाकांवर एक मोबाइल हातोहात फिरत होता. नियमाप्रमाणे तो काढून घेतला. पडद्यावर एका अजस्र जहाजाच्या डेकवर हेलिकॉप्टर उतरत होतं, तोंडं झाकलेले बंदूकधारी पटापट उड्या टाकत होते आणि कुणीतरी त्याला दाक्षिणात्य सिनेमातलं संगीत चिकटवलं होतं. येमेनच्या हुथी बंडखोरांनी १९ नोव्हेंबर २०२३ रोजी लाल समुद्रात ताब्यात घेतलेलं हे ‘गॅलेक्सी लीडर’ जहाज. पोरांच्या लेखी तो एक भारी सीन होता, बाकी काही नाही.

मी धडा मिटला आणि तीच फीत भिंतीवर लावली. आवाज बंद. विचारलं एवढंच, की हा कॅमेरा कुणाच्या हातात आहे?

पहिलं उत्तर आलं, न्यूजवाल्यांच्या. मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, न्यूजवाला बंदूकवाल्यांच्या हेलिकॉप्टरमध्ये कसा बसंल?” तिथून वर्ग जागा झाला. थांबवत, मागे नेत, पुन्हा पुन्हा पाहिलं. चित्रण हल्लेखोरांचं, काटछाट हल्लेखोरांची आणि जगभर पाठवली तीही त्यांनीच. का पाठवली असेल? जहाज धरणं पुरेसं नव्हतं का? पाऊण तास गेला. त्यानंतर नकाशा उघडला. हे जहाज तुर्कस्तानातून आपल्या गुजरातेतल्या पिपावाव बंदराकडे निघालं होतं, हे ऐकल्यावर दोघं-तिघं सरसावून बसले. असे हल्ले वाढले तशा जहाज कंपन्या सुएझचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. न्हावाशेवाहून युरोपला निघालेल्या कंटेनरचा प्रवास पंधरवड्याने लांबला, भाडी चढली. एक मुलगा हळूच म्हणाला, “म्हणून आमचा सौदा मोडला का?” त्याच्या वडिलांचा एक्स्पोर्टचा प्लॉट होता. व्यापारी फोन उचलत नव्हता, एवढंच घरात माहीत होतं.

महोदय, सव्वीस वर्षं शिकवतोय. जागतिकीकरणाची व्याख्या मी इतक्या वेळा लिहून दिली आहे की ती झोपेतही म्हणेन. त्या मुलाला ती त्या दिवशी लागत नव्हती.

आता शासनाकडून आम्हाला काय मिळतं ते पाहू. दीक्षा ॲपवर, वाहिन्यांवर, ई-बालभारतीवर चित्रफिती आहेत, मी नाकारत नाही. करोनाच्या काळात सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायचं, पहिली ते आठवीच्या लेकरांना त्याचा खरोखर आधार झाला. पण मोठ्या वर्गांसाठी, आमच्या विषयात, बहुतेक फितींमध्ये दिसतं काय? एक शिक्षक किंवा शिक्षिका पडद्याच्या कोपऱ्यात उभ्या, शेजारी पाठ्यपुस्तकातले मुद्दे एकाखाली एक उगवतायत आणि आवाज तेच मुद्दे वाचतोय. ते काम मी फुकट करतो. त्यासाठी वीज कशाला जाळायची? आम्हाला शिकवणारे व्हिडिओ नकोत. जे घडलं त्याचं मूळ चित्रण हवं, आणि ते थांबवायला हाताशी एक बटण. शिकवायला आम्ही आहोत.

मूळ चित्रण म्हणजे काय, त्याचा एक नमुना देतो. २५ फेब्रुवारी २०२२, संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद. युक्रेनवरच्या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव मताला टाकला आहे. त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपद होतं खुद्द रशियाकडे. म्हणजे ‘ठरावाच्या बाजूने असणाऱ्यांनी हात वर करावेत’ असं पुकारणारा रशियाचा प्रतिनिधी, आणि विरोधात एकमेव हात वर गेला तोही त्याचाच. बाजूने ११, विरोधात १, तटस्थ ३. परिषदेच्या कायम सदस्याचा एक विरोधही पुरतो, ठराव बारगळला. ‘नकाराधिकार’ हा शब्द मुलं परीक्षेत बरोबर लिहितात, पण तो हात वर जाताना पाहून वर्गातून जो आवाज उठला तो लिहिता येणार नाही. “बॅट ज्याची, अंपायर पण तोच!” असं एकजण ओरडला. यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण मला आजवर सुचलेलं नाही.

पुढचा प्रश्न अर्थातच आला. तटस्थ तिघांत चीन आणि संयुक्त अरब अमिरातींबरोबर आपण का? आपला हात खालीच का राहिला? रशियाकडून येणारी शस्त्रं, त्या आठवड्यात युक्रेनमध्ये अडकून पडलेली आपली हजारो वैद्यकीय विद्यार्थी मुलं (त्यांत महाराष्ट्रातलीही होती), अलिप्ततेचा जुना वारसा, हे सगळं बोर्डावर आलं. काहींना आपली भूमिका पटली, काहींना नाही. मी माझं मत सांगितलं नाही, त्यांनी खोदून विचारलं तरी.

पाकिस्तानने हेर ठरवून फाशीची शिक्षा सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांच्या खटल्याचंही तसंच. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातली सुनावणी आणि १७ जुलै २०१९ चा निकाल, दोन्हीचं चित्रण जगाला खुलं आहे. भारताच्या बाजूने हरीश साळवे उभे, म्हणजे नागपूरचं माणूस. मुलांना वाटतं कोर्ट म्हटलं की आरडाओरडा. इथे वकील शांतपणे कागद वाचतोय, आरोपी खोलीत नाहीच, आणि वाद चाललाय १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या एका कलमावर, परदेशात पकडलेल्या माणसाला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्काचा हक्क देणाऱ्या. न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी पाकिस्तानला दोषी धरलं, शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं, पण सुटका करा असं म्हटलं नाही. दोन्ही देशांत त्या दिवशी ‘आपण जिंकलो’ अशाच बातम्या झाल्या. निकालाची फीत आधी आणि बातम्या नंतर, या क्रमाने दाखवलं तर मुलं मथळे वाचायला आपोआप शिकतात.

आता अडचणी. सगळ्यात मोठी अडचण भाषेची. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा, त्यांत आपली कुठलीच नाही. माझी मुलं इंग्रजीला घाबरतात आणि ते प्रतिनिधी ज्या उच्चारांत बोलतात तिथे मीही अडखळतो. मी वहीत भाषांतर लिहून घेतो आणि फीत थांबवून वाचून दाखवतो. सहा मिनिटांच्या तुकड्यासाठी दोन रात्री जातात. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्याचे पेढे आम्हीही वाटले. आता थोडी सबटायटल्सही मिळावीत.

दुसरी अडचण भीतीची. मूळ चित्रण दाखवायचं म्हटलं की प्राचार्य आधी विचारतात, हे चालतं का? कॉपीराइट कायदा १९५७ च्या ५२ व्या कलमात वर्गात शिकवण्यापुरती सवलत आहे, पण ती तुमच्या विभागाच्या परिपत्रकात कधी आली नाही, आणि शाळांमध्ये कायद्यापेक्षा परिपत्रक मोठं. आणखी एक भीती आहे, ती उघड बोलली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने घटनापीठाच्या सुनावण्या थेट दाखवायला सुरुवात केली २७ सप्टेंबर २०२२ पासून, आणि त्या पहिल्याच दिवशीच्या सुनावण्यांत आपल्याच राज्यातल्या सत्तासंघर्षाची होती. दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, शिकवायला याहून चांगलं साहित्य कुठलं? मी परवानगी मागितली, मला ‘नको’ म्हणून सांगण्यात आलं. नको म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही. उद्या कुणी गावातला कार्यकर्ता येऊन उभा राहिला तर त्यांच्या पाठीशी कोण आहे?

माझे एक सहकारी म्हणतात, व्हिडिओ लावला की मास्तर सुटला. यात तथ्य आहे. शनिवारी शेवटच्या तासाला दीड तासाचा माहितीपट लावून स्वतः पेपर तपासत बसणारे आमच्यातच आहेत, मीही कधीकाळी बसलोय. म्हणून मी स्वतःपुरता दंडक घालून घेतला : सहा मिनिटांच्या वर फीत नाही, आणि निदान चार ठिकाणी ती थांबली पाहिजे.

पण आपण वर्गात काही दाखवलं नाही म्हणून मुलं काही बघत नाहीत, असं नाही. ‘आर्मा ३’ नावाच्या एका व्हिडिओ गेममधली दृश्यं युद्धाची खरी दृश्यं म्हणून इतकी पसरली की तो गेम बनवणाऱ्या कंपनीला २०२२ मध्ये जाहीर खुलासा करून ती कशी ओळखायची हे सांगावं लागलं. माझ्या वर्गात ती दृश्यं ओळखली कुणी? रात्रभर गेम खेळतो म्हणून ज्याच्या नावाने घरचे बोटं मोडतात, त्याने. त्या तासाला शिक्षक तो होता.

महोदय, पुण्यात सेनापती बापट मार्गावर १९८४ मध्ये शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली होती. आमच्या पिढीने दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम पाहिले. २०१७ मध्ये ती बंद झाली, कर्मचारी घरी गेले. बंद का केली हा वाद इथे उकरत नाही, पण तिथल्या चित्रफिती आज कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहेत हे शासनाने एकदा सांगावं. माझं मागणं मात्र तेवढ्या मोठ्या संस्थेचं नाही. इमारत नको, स्टुडिओ नको. पाच-सहा भाषांतरकार, दोन संकलक आणि विषय शिकवणारे काही शिक्षक एवढ्यांनी वर्षभर बसावं. अकरावी-बारावीच्या प्रत्येक प्रकरणाला तीन-चार तुकडे निवडावेत : मतदानाचे, सुनावण्यांचे, संसदेतल्या आणि विधिमंडळातल्या चर्चांचे, फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या वार्तापटांचे. मराठी सबटायटल्स आणि सोबत एक पान : कधीचं, कुठलं, कॅमेरा कुणाचा, आधी काय घडलं होतं. उत्तरं देऊ नयेत. भाषांतरकारांना पैसे द्यावेत, ‘शैक्षणिक कार्यात योगदान’ असं प्रशस्तिपत्र देऊन भागवू नये. फिती पेन ड्राइव्हवर मिळाव्यात, कारण आमच्याकडे नेट ढगांवर चालतं.

आणि नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने वर सरकतोच आहे, तर आमच्या वर्गांपर्यंत पोचेल तेव्हा मूल्यमापनात एक न पाहिलेली फीत दाखवून त्यावर चार प्रश्न विचारायची सोय करावी. परीक्षेत नसेल ते शिकवलं जात नाही, हे आपल्याला मी काय सांगावं.

कधी नाशिक जिल्ह्यात येणं झालं तर वर्गावर या. गुरुवारी सकाळी नऊ चाळीसचा तास. मागच्या बाकावर बसा, म्हणजे ताफ्यामुळे बुजलेली पोरं लवकर बोलायला लागतील. प्रोजेक्टरसाठी खालच्या मजल्यावरून वायर ओढलेली असते, तेव्हा जिन्यात जरा जपून.

आपला,
राज्यशास्त्राचा एक शिक्षक
निफाड तालुका, जि. नाशिक