देगलूर-बिलोलीत रेडॉनची मोजणी हवी

घरातील हवेच्या प्रदूषणावरील आपल्या अंकातील लेख वाचला. मराठवाड्याची जमीन काळ्या पाषाणाची, म्हणून इथे रेडॉन या किरणोत्सारी वायूची चिंता नको, हे त्यातले विधान सरसकट पटणारे नाही. रेडॉन जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होतो आणि काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, युरेनियम कमी असते, हे खरे. पण नांदेड जिल्ह्यातील देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइटचा खडक आहे आणि त्यात युरेनियमचे प्रमाण साधारणपणे जास्त असते. या वायूला रंग नाही, वास नाही. शहाबादी फरशीच्या उघड्या सांध्यांतून, जोत्याच्या भेगांतून तो घरात शिरतो आणि हिवाळ्यात दारे-खिडक्या बंद असल्या की साठत जातो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर रेडॉनचा क्रम लागतो. शक्यतो हवेच्या घनमीटरला १०० बेकरेलपेक्षा (बेकरेल हे किरणोत्सार मोजण्याचे एकक) जास्त रेडॉन घरात नसावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचवले आहे.

घराघरांतले प्रमाण मात्र मोजल्यावरच कळते. शेजारच्या दोन घरांतही फरक पडतो. मोजणी अवघड नाही. फिल्म बसवलेली छोटी डबी तळमजल्यावर सुमारे तीन महिने ठेवून प्रयोगशाळेत तपासतात. नगरपालिकांनी विद्यापीठाच्या मदतीने निदान तळमजल्यावरच्या शाळा, अंगणवाड्या आणि काही जुनी घरे येत्या हिवाळ्यात तपासून घ्यावीत. प्रमाण जास्त निघाले तरी घर सोडावे लागत नाही. भेगा बुजवून खेळती हवा ठेवावी. तेवढ्याने भागले नाही, तर फरशीखालून पाइप काढून पंख्याने वायू छतावर सोडता येतो.

– एक वाचक, देगलूर (जि. नांदेड)