सूचना : रस्ते अपघातांविषयी चर्चासभा

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजेच रस्ते अपघातांतील बळींच्या जागतिक स्मृतिदिनी, सकाळी १० वाजता आपल्या सभागृहात अपघातांची कारणे व परिणाम या विषयावर चर्चासभा होईल. जगात दरवर्षी सुमारे ११.९ लाख माणसे रस्त्यावर प्राण गमावतात; तरीही आपण नशिबाला बोल लावून मोकळे होतो.

मुख्य भर वेगावर राहील. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, त्यामुळे मोबाइलवरचा निरोप वाचण्यात तीन सेकंद गेले, तर चालकाने ५० मीटर रस्ता न पाहताच कापलेला असतो. वेग दुप्पट झाला, की धडकेची ऊर्जा चौपट होते.

१. ज्यांच्या घरी अपघातग्रस्त व्यक्ती आहे, त्यांनी उपचारांचा खर्च, बुडालेली मिळकत आणि शुश्रूषेचा भार यांविषयी बोलावे, ही विनंती. परिणामांची ही बाजू सहसा झाकलेलीच राहते.
२. प्रसंग सांगताना कोणाचेही नाव घेऊ नये.
३. दुचाकीस्वारांनी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधूनच यावे. आरशाला अडकवलेले हेल्मेट चालणार नाही.

– कार्यवाह