दरफलकावर कुत्र्यासाठी एक ओळ हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय : पाळीव कुत्र्यासह मुक्कामाच्या अटी आधीच लेखी कळण्याबाबत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत घरोघरी कुत्री पूर्वीपासून आहेत. घरात माणसे भरपूर होती तेव्हा परगावी जाताना मागे कोणीतरी राहत असे आणि कुत्र्याच्या भाकरीची काळजी करावी लागत नसे. आता आमच्यासारख्या अनेक घरांत मुले पुण्याला किंवा बंगळूरला आणि घरी आम्ही दोघेच, अशी स्थिती असल्यामुळे दाराला कुलूप लावायचे म्हटले की कुत्र्यालाही गाडीत घेणे भाग पडते. अशा प्रवाशांची मुक्कामाची खोली मिळवताना जी फरफट होते, तिच्याकडे आपल्या दैनिकाद्वारे हॉटेल व्यावसायिकांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्याकडे मुधोळ जातीची सहा वर्षांची कुत्री आहे. मुधोळ हे शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातले गाव. तेथील घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली आणि २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीटही काढले. या जातीच्या मादीची उंचीसुद्धा खांद्यापाशी दोन फुटांहून अधिक भरते. मात्र अंगावर चरबी आणि केस दोन्ही कमी असल्यामुळे गारठा तिला सोसत नाही.

गेल्या वर्षी जूनअखेरीस सावंतवाडीजवळ मुलीच्या सासरी वास्तुशांत होती. त्यांचे घर पाहुण्यांनी भरलेले असल्याने आम्ही घाटमाथ्यावरील एका हॉटेलात मोबाईलवरून दोन रात्रींसाठी खोली आरक्षित केली आणि पूर्ण पैसे आगाऊ भरले. हॉटेलच्या माहितीत पाळीव प्राण्यांना परवानगी असल्याचे स्पष्ट लिहिले होते. धुक्यातून वाट काढत रात्री साडेनऊला पोहोचलो. व्यवस्थापकांनी रजिस्टर पुढे केले, मी नाव लिहू लागलो, तेवढ्यात पत्नीच्या मागोमाग कुत्री आत आली आणि त्यांनी रजिस्टर मिटून घेतले. परवानगी फक्त लहान कुत्र्यांना आहे, असे ते म्हणाले; लहान म्हणजे केवढे, हे मात्र कोठेही लिहिलेले नव्हते. बऱ्याच विनवण्यांनंतर मागच्या बाजूला, जनरेटरच्या पत्र्याखाली तिला बांधण्याची तयारी त्यांनी दाखवली. ती रात्र आम्ही गाडीत काढली. काचा बोटभर खाली ठेवलेल्या, मागच्या सीटवर पत्नीच्या शालीत गुंडाळलेली कुत्री, आणि पहाटेपर्यंत तिच्या अंगाची थरथर काही थांबली नाही.

तिला बाहेर बांधायला मी नकार दिला, त्याचे कारण केवळ माया हे नव्हते. आंबोलीपासून चोर्ला, कणकुंबी, जांबोटीपर्यंतचा सारा पट्टा बिबट्याच्या वावराचा आहे, आणि साखळीला बांधलेले कुत्रे त्याला सहज मिळणारे भक्ष्य असते, हे या भागातला कोणताही शेतकरी सांगेल. जंगलालगतच्या ज्या ज्या ठिकाणी ‘कुत्रे चालेल, पण बाहेर बांधा’ असे सांगितले जाते, तेथे मुक्काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा सरळ नकार बरा. कुत्र्याला ठेवून घेण्याची सक्ती हॉटेलमालकावर असावी, असे मी म्हणत नाही. इतर पाहुण्यांत लहान मुले असतात, कुत्र्याला भिणारी माणसे असतात. मालकाने नाही म्हटले तर वाईट वाटण्याचे कारण नाही, फक्त ते पैसे घेण्यापूर्वी म्हणावे.

रेल्वेचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. वातानुकूलित प्रथम श्रेणीचे दोन किंवा चार बर्थचे पूर्ण दालन आपल्या नावे असेल तर कुत्रे सोबत नेता येते, अन्यथा गार्डच्या डब्यातील पेटीत त्याची पाठवणी करावी लागते. शयनयान किंवा वातानुकूलित टू-टियर, थ्री-टियरमध्ये त्याला नेता येत नाही. नियम कडक आहे, खर्चिकही आहे, पण घरून निघण्याआधी माहीत असतो. हॉटेलांच्या बाबतीत नेमके हेच घडत नाही.

फसवणूक झाली तर मार्ग आहे, हेही वाचकांना सांगावेसे वाटते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. सीमाभागातल्या माणसाला याचा विशेष उपयोग आहे, कारण आपले फिरणे सदैव तीन राज्यांत असते आणि हॉटेल महाराष्ट्रातले असो वा गोव्यातले, तक्रार बेळगावात दाखल होऊ शकते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही गाऱ्हाणे नोंदवता येते. तरीही तक्रार ही नंतरची गोष्ट झाली. भर पावसात, रात्री साडेनऊला आम्हाला खोली हवी होती.

याच्या अगदी उलट अनुभव दिवाळीनंतर कणकुंबीच्या बाजूला एका घरगुती निवासात आला. फोन उचलताच मालकांनीच प्रश्नांना सुरुवात केली. ‘‘उंचीनं केवढं आहे? रेबीजची सुई ह्या वर्षीची झालीय काय? कोंबड्यांच्या मागं लागतंय काय?’’ आणि शेवटी, ‘‘रात्री भुंकतंय काय बघा, आमची म्हस बुजली की पान्हा चोरती.’’ कोंबड्यांच्या मागे ती नक्की लागेल, असे मी प्रामाणिकपणे सांगितले, कारण मुधोळ ही नजरेने शिकार हेरून धावणारी जात आहे आणि सुटली तर हाकेला थांबत नाही. त्यावर त्यांनी गोठ्यापासून दूरची, स्वतंत्र दार असलेली खोली देऊ केली, पाचशे रुपये अनामत सांगितली आणि या सगळ्या अटी मोबाईलवर मराठीत लिहून पाठवल्या. भीमगड अभयारण्य जवळ असल्याने तिला घेऊन जंगलाकडे फिरायला जायचे नाही, हीही अट त्यात होती. ती मला पूर्ण पटली, कारण पाळीव कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग रानकुत्र्यांपर्यंत पोहोचतात. दोन दिवस अत्यंत सुखाचे गेले आणि अनामत निघतानाच हातात मिळाली.

हॉटेलवाले टाळाटाळ करतात, त्याला आपण कुत्रेवालेही काही प्रमाणात जबाबदार आहोत. कुत्र्याची गोष्ट लपवून खोली घेणे, हॉटेलच्या टॉवेलने त्याचे अंग पुसणे, त्याला गादीवर झोपवणे, विष्ठा तशीच टाकून निघून जाणे, हे प्रकार मी स्वतः पाहिले आहेत. निघण्यापूर्वी गोचीड तपासून घेणे, लसीकरणाचे कार्ड, त्याचे नेहमीचे अंथरूण आणि जुनी चादर बरोबर ठेवणे, तसेच खोलीत त्याला एकटे कोंडून बाहेर न जाणे, एवढे पथ्य तरी प्रत्येकाने पाळायलाच हवे. नव्या जागी एकटे पडलेले कुत्रे दार ओरबाडते आणि त्या नुकसानीपायी पुढच्या पाहुण्याला नकार मिळतो.

बेळगाव परिसरातील हॉटेल आणि निवासव्यवस्था चालवणाऱ्यांच्या संघटनांना माझी कळकळीची विनंती आहे, की काउंटरवरील दरफलकावर आणि आरक्षणाच्या माहितीत कन्नड व मराठी दोन्ही भाषांत एक ओळ वाढवावी : कुत्रे चालते की नाही, चालत असल्यास किती उंचीपर्यंतचे, ते रात्री खोलीत राहील की अन्य ठिकाणी, आणि त्याचे शुल्क व अनामत किती. ‘चालत नाही’ एवढेच लिहायचे असले तरी तेही लिहावे, म्हणजे आम्ही वेळीच दुसरी जागा शोधू.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ वाचक,
टिळकवाडी, बेळगाव