इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांसाठी सूचना

सर्वांना नमस्कार. महाराष्ट्राचा पाठ घेताना फॉरवर्ड होत आलेल्या पीपीटींवर विसंबू नका, ही विनंती. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, मराठी विश्वकोशही ऑनलाइन आहे. खरा खजिना मात्र जिल्हा गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रजांच्या काळापासून निघत आलेल्या जिल्हावार माहितीग्रंथांचा! पिकं, आठवडी बाजार, घाट, बंदरं, सगळं तिथे सापडतं. फक्त जुनी नावं ध्यानात ठेवा: रायगडसाठी ‘कुलाबा’ शोधा, पालघर २०१४ पर्यंत ठाण्यातच होतं. आणि लोकांविषयी इंग्रज अधिकाऱ्यांनी मारलेले शेरे मुलांना जसेच्या तसे वाचून दाखवू नका. नकाशांसाठी इस्रोचं ‘भुवन’ हे संकेतस्थळ बघा, सह्याद्रीची रांग त्यावर झकास दिसते. वर्गात नेट ऐनवेळी दगा देतं, तेव्हा लागतील ती पानं आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवा.