मिलफर्ड साउंडला नेणाऱ्या कोचचालक काकांचे जाहीर आभार

प्रिय काका,

न्यूझीलंडमधल्या क्वीन्सटाउनहून मिलफर्ड साउंड, म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी (फ्योर्ड), बघून त्याच दिवशी परत यायचं म्हणजे चालकाची कसोटीच. मध्ये डोंगर आडवे आल्यामुळे रस्ता टे अनाउ गावावरून वळसा घेऊन जातो, आणि एका बाजूचंच अंतर 290 किलोमीटरच्या आसपास होतं. त्यात खाडीतल्या बोटफेरीचे जवळपास दोन तास धरले की बारा-तेरा तास सहज जातात. न्यूझीलंडच्या कायद्याने चालकाला दिवसात 13 तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. म्हणून प्रत्येक थांब्यावर मिनिटं मोजली जातात, आणि उशिरा येणाऱ्यांवर चालक वैतागतात ते उगाच नाही.

अशा दिवसातून तुम्ही गुडघा बदललेल्या आमच्या आजींसाठी प्रत्येक थांब्यावर वेळ काढलात.

कोचची पहिली पायरी मुळातच उंच. गाडी फुटपाथला लागून उभी असली तर निभावतं, पण खडीवर उभी राहिली की तीच पायरी वीतभर आणखी वर जाते. तुम्ही आधी सस्पेन्शनची हवा सोडून दाराकडची बाजू खाली घेतलीत. मग सगळ्यांच्या आधी उतरून लहानसं स्टूल ठेवलंत, त्यावर स्वतः पाय देऊन ते डगमगतंय का पाहिलंत आणि एका पायाखालचा खडा काढून टाकलात. आजींचा हात तुम्ही धरला नाहीत, स्वतःचा हात कोपरापासून आडवा करून त्यांच्यापुढे धरलात. पावसात तळव्यातून तळवा निसटतो आणि हात धरून ओढलं की म्हाताऱ्या माणसाचा तोल पुढे जातो. आडव्या हाताला मात्र आजी आपल्या जोराने, आपल्या वेळेने धरू शकल्या. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला पाय आधी, हे ऑपरेशननंतर सगळ्यांना सांगतात आणि घरचेच विसरतात. तुम्ही प्रत्येक वेळी बोटाने नेमका तो पाय दाखवलात.

याआधी ज्या कंपनीच्या गाडीने हीच सहल केली होती, तिथे ‘ज्यांना जमत नाही त्यांनी गाडीतच बसा’ एवढं सांगून दार उघडलं गेलं. पाऊस लागल्यावर ‘आज काही दिसायचं नाही’ असंही वर ऐकवलं. पूर्ण पैसे घेऊन ज्येष्ठांना काचेआडून डोंगर दाखवायचे, याचा राग अजून गेलेला नाही. आणि पावसाबद्दलचं ते बोलणं तर साफ चूक होतं. मिलफर्डला वर्षाला साधारण साडेसहा मीटर पाऊस पडतो, आपल्या आंबोलीच्या तोडीचा. एरवी तिथे बारमाही मोठे धबधबे दोनच, बोवेन आणि स्टर्लिंग. पाऊस लागला की उघड्या, उभ्या कातळावरून शेकडो धारा सुटतात, आणि पाणी धरून ठेवायला माती जवळजवळ नसल्यामुळे पाऊस थांबल्यावर काही तासांत त्या आटतातही. तुम्ही सकाळीच माइकवर सांगितलंत की आज नशीब चांगलं आहे, आणि गाडीतले पडलेले चेहरे खुलले.

वाटेतला होमर बोगदाही आठवतो. सव्वा किलोमीटरचा, अस्तर न केलेल्या कातळातला, दर दहा मीटरला एक मीटर उतरत जाणारा. सिग्नलला थांबलो तेव्हा किआ पोपट पुढच्या मोटारीच्या काचेचं रबर उपटत होते. त्यांना खायला घालू नका, हे तुम्ही न रागावता समजावलंत. बोगद्यापलीकडच्या वळणांआधी तुम्ही आजींना मागच्या चाकांवरच्या सीटवरून पुढे आणलंत. मळमळीची गोळी टे अनाउच्या थांब्यावरच घ्यायला लावलीत, कारण एकदा मळमळ सुरू झाली की गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

धक्क्यावर तुमचं काम खरं तर संपलं होतं. तरीही बोटीवरच्या मुलाला आजी दाखवून तुम्ही काहीतरी सांगितलंत, आणि त्याने त्यांना खालच्या मजल्यावर मधोमध खिडकीची जागा दिली. फ्योर्डच्या तोंडाशी टास्मान समुद्राच्या लाटा लागल्यावर वरच्या डेकवरचे धडधाकट लोक कठडे धरून होते. आजी मात्र निवांत बसून खडकावरचे सील बघत होत्या.

असं वागणं कुठल्या नियमात लिहिलेलं नसतं, म्हणून ते न करणाऱ्याला कोणी जाबही विचारत नाही. जी माणसं तरीही करतात, त्यांच्या भरवशावर घरचे लोक म्हाताऱ्यांना एवढ्या लांब न्यायला धजावतात. काका, तुम्ही त्यांतले आहात.

तुमच्या कंपनीला आम्ही लेखी कळवलं आहे. त्यात तुमचं कौतुक आहे आणि एक विनंती आहे: तसं स्टूल, खाली रबर लावलेलं, प्रत्येक कोचमध्ये ठेवा. आणि नव्या चालकांना हात कसा आडवा धरायचा, ते तुमच्याकडून शिकवून घ्या.

तुमच्या गाडीतले कृतज्ञ प्रवासी